मुळीपासून मात्रेपर्यंत : सर्पगंधा, रेसर्पिन आणि रक्तदाबाच्या औषधाचा इतिहास

प्रस्तावना :

भंडारा जिल्ह्यातील एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बाजाराच्या दिवशी गेल्यास रक्तदाब मोजून घेण्यासाठी बसलेली माणसे हमखास दिसतात. हातात एक कार्ड असते, त्यावर मागील महिन्यांचे आकडे असतात आणि परत जाताना पदरात किंवा खिशात महिनाभराच्या गोळ्या असतात. या गोळीचे नाव अनेकांना सांगता येत नाही. ‘बीपीची गोळी’ एवढीच तिची ओळख. हे दृश्य आज इतके सवयीचे झाले आहे की त्याला इतिहास असू शकतो हे चटकन ध्यानात येत नाही. वस्तुतः शंभर वर्षांपूर्वी उच्च रक्तदाबावर परिणामकारक आणि रोज घेण्याजोगे औषध जगात कोठेही सर्वमान्य झालेले नव्हते. अशा औषधांपैकी अगदी आरंभीचे एक औषध भारतीय वनस्पतीच्या मुळीतून आले आणि त्याची रुग्णांवरील पद्धतशीर तपासणी मुंबईच्या परळ भागातील रुग्णालयात झाली.

प्रस्तुत लेखकाने या विषयाकडे वळण्याचे कारण काहीसे वैयक्तिक आहे. लेखकाचे आजोबा मोहाडी तालुक्यातील एका खेड्यात निवृत्त शिक्षक म्हणून राहत. त्यांना रक्तदाब होता आणि १९९० च्या दशकात ते ‘ॲडेलफेन-एसिड्रेक्स’ नावाची गोळी घेत. डॉक्टरांनी सांगितलेला आकडा ते भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहून ठेवीत. १९९६ च्या पावसाळ्यात त्यांनी ही ‘विलायती’ गोळी बंद केली आणि ओळखीच्या एका विक्रेत्याकडून सर्पगंधेचे चूर्ण आणून रोज चमचाभर घेऊ लागले. त्यानंतर दिनदर्शिकेतील आकडे थांबले. पुढील वर्षी त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. बऱ्याच काळानंतर लेखकाला कळले की त्यांनी सोडलेल्या गोळीतील एक घटक सर्पगंधेतीलच होता. म्हणजे त्यांनी परकीय औषध सोडून स्वदेशी औषध घेतले नव्हते, तर त्याच द्रव्याचे मोजलेले रूप सोडून न मोजलेले रूप घेतले होते. एका माणसाच्या आजारावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे लेखक जाणतो. परंतु मोजलेल्या आणि न मोजलेल्या औषधातील हे अंतर इतिहासात केव्हा व कसे निर्माण झाले, हा प्रश्न त्यातून उभा राहिला.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) सर्पगंधेचा ‘रक्तदाबाचे औषध’ म्हणून झालेला प्रवास कालक्रमाने मांडणे.
२) या प्रवासात महाराष्ट्रातील, विशेषतः मुंबईतील वैद्यकीय संशोधनाचे स्थान स्पष्ट करणे.
३) औषधाची क्रिया व मात्रा यांच्या ज्ञानाने त्याचा उपयोग कसा बदलला ते पाहणे.
४) या इतिहासाचा आजच्या भंडारा जिल्ह्यातील रक्तदाब-उपचाराशी असलेला संबंध तपासणे.

आजाराआधी मोजमाप :

सर्पगंधेच्या चर्चेत “आपल्या पूर्वजांना हे औषध हजारो वर्षांपूर्वी ठाऊक होते” असे विधान वारंवार केले जाते. या विधानात तथ्याचा अंश आहे, मात्र त्यात कालविपर्यासही आहे. उच्च रक्तदाब हा असा विकार आहे की बहुतेक रुग्णांना त्याची कोणतीही जाणीव होत नाही. तो मोजल्याशिवाय दिसत नाही. इटालियन वैद्य रिवा-रोची यांनी दंडाला गुंडाळायच्या फुगवण्याजोग्या पट्ट्याचे उपकरण १८९६ मध्ये मांडले आणि रशियन शल्यवैद्य कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपने ध्वनी ऐकून वरचा व खालचा असे दोन्ही दाब ओळखण्याची रीत १९०५ मध्ये सांगितली. त्यापूर्वीच्या कोणत्याही ग्रंथात, मग तो संस्कृत असो, अरबी असो वा लॅटिन, आजच्या अर्थाने ‘उच्च रक्तदाबावरील औषध’ असणे संभवत नाही. रोगच ज्ञात नसताना त्यावरील औषध ज्ञात होते असे म्हणता येत नाही.

मोजमाप आले तरी उपाय आला नव्हता. मीठ वर्ज्य करणे, विश्रांती, झोपेची औषधे आणि काही रुग्णांत पाठीच्या कण्याजवळील मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया एवढीच साधने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उपलब्ध होती. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा एप्रिल १९४५ मध्ये मेंदूतील रक्तस्रावाने मृत्यू झाला, त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० नोंदवला गेला. जगातील सर्वांत सामर्थ्यवान राष्ट्राच्या प्रमुखाजवळही या आजारासाठी खात्रीचे औषध नव्हते, ही वस्तुस्थिती त्या काळाची कल्पना देण्यास पुरेशी आहे.

सर्पगंधेची जुनी ओळख :

सर्पगंधा हे लहानसे झुडूप असून तिची वाकडी, कडू मुळी औषधात वापरली जाते. प्राचीन वैद्यकग्रंथांत सर्पगंधा हे नाव मुख्यतः विषचिकित्सेच्या संदर्भात येते. ते नाव सर्वत्र आजच्याच वनस्पतीचे आहे काय, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. गोव्यात वास्तव्य केलेल्या गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या संवादरूप ग्रंथात सापाच्या विषावरील मुळीचे आणि सापाशी झुंजताना तिचा आश्रय घेणाऱ्या मुंगसाचे वर्णन केले आहे. ही मुळी सर्पगंधेची असावी असे अनेक अभ्यासक मानतात. पुढे १७०३ मध्ये फ्रेंच वनस्पतिज्ञ प्ल्युमिए याने या कुळाला सोळाव्या शतकातील जर्मन वैद्य लिओनहार्ड राउवोल्फ याचे नाव दिले. त्यातून ‘राउवोल्फिया सर्पेंटिना’ हे शास्त्रीय नाव रूढ झाले.

लोकवैद्यकात या मुळीचा खरा बोलबाला होता तो वेडावरील औषध म्हणून. बिहारमध्ये ती ‘पागल की दवा’ या नावानेच विकली जाई. थोडक्यात, परंपरेने या मुळीविषयी दोन गोष्टी जपल्या होत्या : तिचा विषाशी लावलेला संबंध आणि तिचा शांत करणारा, गुंगी आणणारा गुण. यांपैकी दुसरा गुण पुढील संशोधनाचा धागा ठरला.

१९३१ ते १९३४ : दिल्ली, कोलकाता आणि बाजार :

आधुनिक संशोधनाची सुरुवात परदेशात झाली नाही, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे. दिल्लीच्या तिब्बिया महाविद्यालयात सलीमुज्जमाँ सिद्दिकी यांनी १९३१ मध्ये सर्पगंधेच्या मुळीतून अनेक अल्कलॉइडे वेगळी केली. त्यांपैकी एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या नावावरून ‘अजमलिन’ हे नाव दिले. हे द्रव्य पुढे हृदयाच्या अनियमित ठोक्यांवरील औषध म्हणून ओळखले गेले. त्याच वर्षी कोलकात्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’ या नियतकालिकात वेड आणि उच्च रक्तदाब यांवरील नवे भारतीय औषध म्हणून सर्पगंधेचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. गणनाथ सेन हे आयुर्वेद आणि पाश्चात्त्य वैद्यक या दोहोंत शिक्षित होते. शांत करणाऱ्या या मुळीने रक्तदाबही उतरतो, हे त्यांनी पट्टा बांधून पाहिले होते. परंपरेतील औषध आणि आधुनिक मोजमाप यांची ही पहिली महत्त्वाची गाठ होय. पुढे रामनाथ चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये प्राण्यांवर प्रयोग करून मुळीतील द्रव्यांची क्रिया तपासली.

हिमालया ड्रग कंपनीने १९३४ मध्ये ‘सर्पिना’ ही सर्पगंधेची गोळी बाजारात आणली असे त्या कंपनीचा इतिहास सांगतो. मुळी आता वैद्याच्या बटव्यातून औषधाच्या दुकानात आली. तिला ठरावीक वजनाचे, गोळीचे रूप मिळाले.

सेवाग्राम आणि परळ :

या काळातील एक विदर्भीय संदर्भ उद्बोधक आहे. महात्मा गांधी १९३६ पासून वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे राहू लागले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१९ मध्ये प्रकाशित केलेल्या गांधीजींच्या आरोग्यविषयक विशेषांकात त्यांच्या रक्तदाबाच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यांपैकी १९४० मधील एक नोंद २२०/११० अशी आहे. डॉ. सुशीला नय्यर यांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी रक्तदाबाच्या चढउताराचा उल्लेख करून सर्पगंधेचे थेंब घेतल्याचे कळवले आहे. निसर्गोपचाराचा आग्रह धरणाऱ्या या पुरुषाने औषध घेतले आणि त्याबरोबर आकडाही ठेवला, ही बाब लक्षणीय आहे. तरीही हा एका व्यक्तीचा अनुभव होता. अशा अनुभवांचे ज्ञानात रूपांतर होण्यासाठी अनेक रुग्णांची, सारख्याच पद्धतीने ठेवलेली नोंद आवश्यक होती.

ते कार्य मुंबईत झाले. डॉ. रुस्तम जाल वकील (१९११–१९७४) हे परळ येथील किंग एडवर्ड मेमोरियल अर्थात के.ई.एम. रुग्णालयाशी संबंधित हृदयरोगतज्ज्ञ होते. त्यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या देऊन, त्यांचे रक्तदाब मोजून, परिणाम व दुष्परिणाम यांची नोंद ठेवली. हा निबंध १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. बहुसंख्य रुग्णांचा वरचा आणि खालचा असे दोन्ही दाब कमी झाल्याचे त्यात दाखवले होते. आजच्या निकषांनी पाहता ही यादृच्छिक किंवा दुहेरी-अनभिज्ञ चाचणी नव्हती, तशी पद्धत तेव्हा जगातच नवी होती. परंतु तिचे महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे. भारतीय नियतकालिकांतील आधीचे लेखन भारताबाहेर फारसे वाचले गेले नव्हते. वकील यांच्या निबंधाने मुळीविषयीचा दावा अशा भाषेत मांडला की तो जगातील कोणत्याही डॉक्टरला तपासून पाहता येईल. किती रुग्ण, किती गोळ्या, किती दिवस, किती घट, हीच ती भाषा होय.

बाझल, बोस्टन आणि श्रेयाचा प्रश्न :

वकील यांच्या निबंधाचा परिणाम लवकरच दिसून आला. बोस्टन येथील रॉबर्ट विल्किन्स यांनी भारतातून गोळ्या मागवून आपल्या रुग्णांवर त्यांचा उपयोग केला आणि १९५२ च्या सुमारास अनुकूल अहवाल दिले. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सिबा कंपनीच्या म्युलर, श्लिट्लर आणि बाइन या संशोधकांनी मुळीतून ‘रेसर्पिन’ हे मुख्य क्रियाशील द्रव्य शुद्ध रूपात वेगळे केले. ‘सर्पासिल’ या नावाने ते बाजारात आले. १९५६ मध्ये हार्वर्डचे रॉबर्ट वुडवर्ड यांनी रेसर्पिनचे प्रयोगशाळेत संपूर्ण संश्लेषण करून दाखवले. न्यूयॉर्कजवळील नेथन क्लाइन यांनी मनोरुग्णांवर त्याचा वापर केला. ‘पागल की दवा’ अशा रीतीने आधुनिक मनोरुग्णालयातही पोहोचली. १९५७ चे लास्कर पारितोषिक ज्यांना मिळाले त्यांत क्लाइन यांच्याबरोबर डॉ. वकील यांचाही समावेश होता. १९५८ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

या टप्प्यावर इतिहासलेखनात दोन सुलभीकरणे आढळतात. पहिल्यानुसार रेसर्पिन हा स्विस रसायनशास्त्रज्ञांचा शोध ठरतो आणि भारत केवळ कच्चा माल पुरवणारा देश उरतो. दुसऱ्यानुसार सारे ज्ञान प्राचीन ऋषींना होतेच, पाश्चात्त्यांनी ते फक्त उचलले. ही दोन्ही कथने परस्परविरोधी वाटली तरी दोघांनीही एकच गोष्ट वगळली आहे, ती म्हणजे १९३१ ते १९४९ या अठरा वर्षांतील भारतीय प्रयोगशाळा आणि रुग्णालये. सिद्दिकी, सेन, बोस, चोप्रा आणि वकील ही नावे एका कथनात ‘पूर्वतयारी’ ठरतात, तर दुसऱ्यात त्यांची गरजच उरत नाही. परंतु मुळीला औषधाचा दर्जा मिळाला तो नेमका याच काळात.

श्रेयाच्या वादात वनस्पतीचे मात्र नुकसान झाले. मागणी वाढताच जंगलातील मुळ्या उपटल्या जाऊ लागल्या. मुळी काढली की झाड मरते, म्हणून हा व्यापार पानाफुलांच्या व्यापारापेक्षा अधिक विनाशक ठरला. पुढे उद्योगाने आफ्रिकेतील ‘राउवोल्फिया व्होमिटोरिया’ या भगिनी जातीकडे मोर्चा वळवला. १९९० मध्ये सर्पगंधेचा समावेश संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक कराराच्या (साइट्स) दुसऱ्या परिशिष्टात करण्यात आला.

औषधाची क्रिया आणि मात्रेचा धडा :

रेसर्पिन शरीरात काय करते, हे समजण्यास आणखी काही वर्षे लागली. हृदय आणि रक्तवाहिन्या यांना चेतवणाऱ्या मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रेनॅलिन हे द्रव्य सूक्ष्म पिशव्यांत साठवलेले असते. मज्जातंतू उद्दीपित झाला की ते बाहेर पडते, रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि नाडी वाढते. रेसर्पिन या पिशव्यांत द्रव्य भरणारी यंत्रणा बंद पाडते. बाहेर राहिलेले द्रव्य पेशीतच विघटित होते व साठा हळूहळू रिता होतो. रिकामे कोठार पुन्हा भरण्यास वेळ लागतो. यामुळे औषधाचा पूर्ण परिणाम दिसण्यास काही आठवडे लागतात आणि औषध थांबवल्यावरही तो काही काळ टिकतो. रुग्णाला “गोळी सोडली तरी काही झाले नाही” असे वाटण्याचे एक कारण यातच आहे.

हीच क्रिया मेंदूतही घडते. तेथे सेरोटोनिन व डोपामिन यांचेही साठे घटतात. त्यामुळे गुंगी येते, मन खिन्न होते आणि अधिक मात्रेत कंपवातासारखी ताठरता दिसते. स्वीडनचे अर्विद कार्लसन यांनी १९५७ मध्ये रेसर्पिन दिल्यामुळे निश्चल झालेल्या प्राण्यांना एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले. त्यातून कंपवाताच्या आधुनिक उपचाराचा मार्ग खुला झाला आणि कार्लसन हे २००० च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. नाक चोंदणे, नाडी मंदावणे, जठरातील आम्ल वाढणे, अंगात पाणी साठणे हे रेसर्पिनचे अन्य परिणाम होत. पाणी साठण्याच्या दोषामुळेच ते मूत्रल औषधासोबत देण्याची प्रथा पडली.

येथे मात्रेचा प्रश्न निर्णायक ठरतो. आरंभीच्या काळात दिवसाला अर्धा मिलिग्रॅम वा त्याहून अधिक रेसर्पिन दिले जाई आणि खिन्नतेच्या तक्रारी मोठ्या प्रमाणात त्याच काळातील आहेत. पुढे ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम इतकी अल्प मात्रा मूत्रल औषधासोबत पुरेशी असल्याचे दिसून आले. मुळीच्या बाबतीत औषधशास्त्राच्या ग्रंथांतील स्थूल समीकरण असे की २०० ते ३०० मिलिग्रॅम चूर्ण म्हणजे सुमारे अर्धा मिलिग्रॅम रेसर्पिन. आजोबांच्या गोळीत ०.१ मिलिग्रॅम रेसर्पिन होते. चमचाभर चूर्ण काही ग्रॅम भरते. ते शुद्ध असल्यास मात्रा गोळीच्या कितीतरी पट होते, भेसळयुक्त असल्यास जवळजवळ शून्य होते. मुळीतील अल्कलॉइडांचे प्रमाणही जागेनुसार, ऋतूनुसार आणि मुळीच्या भागानुसार बदलते. घेणाऱ्याला यांपैकी काहीच कळण्याचा मार्ग नसतो. औषध आणि विष यांतील सीमा मात्रेने ठरते, हे तत्त्व आयुर्वेदालाही मान्य आहे. म्हणून हा मुद्दा आयुर्वेद विरुद्ध आधुनिक वैद्यक असा मुळीच नाही.

जीव वाचतो हे केव्हा सिद्ध झाले? :

रक्तदाबाचा आकडा उतरणे आणि माणूस वाचणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. १९६० च्या दशकापर्यंत अनेक मान्यवर डॉक्टरांना वाढलेला रक्तदाब ही शरीराची गरज वाटत असे, तो उतरवल्याने अपायच होईल अशी त्यांची धारणा होती. अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्राइस यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या चाचणीने हा वाद निकालात काढला. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी ७३ जणांना औषधे व ७० जणांना निष्क्रिय गोळ्या देण्यात आल्या. १९६७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार निष्क्रिय गोळ्या घेणाऱ्यांत २७ जणांना गंभीर आघात झाले, तर औषध घेणाऱ्यांत केवळ २ जणांना. १९७० मध्ये त्याहून सौम्य रक्तदाबाच्या ३८० पुरुषांवरील निष्कर्षही उपचाराच्या बाजूने आले. दोन्ही चाचण्यांत दिलेली औषधे तीन होती : हायड्रोक्लोरोथायझाइड, हायड्रालाझिन आणि रेसर्पिन. रक्तदाबाच्या उपचाराने आयुष्य वाचते याचा पहिला भक्कम पुरावा ज्या औषधांनी दिला त्यांत सर्पगंधेतील द्रव्याचा वाटा होता, ही गोष्ट आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

त्यानंतर रेसर्पिनचा उतार सुरू झाला. सप्टेंबर १९७४ मध्ये ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात रेसर्पिन घेणाऱ्या स्त्रियांत स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण अधिक असल्याचे सुचवणारे तीन अहवाल एकाच वेळी प्रसिद्ध झाले. पुढील अभ्यासांत ही शंका तशीच टिकली नाही आणि मूळ अहवालांतील तुलनेसाठी निवडलेल्या रुग्णगटांत दोष असल्याचे दाखवले गेले. पण औषधाची प्रतिमा डागाळली ती डागाळलीच. दरम्यान नवी औषधे आली. १९९० च्या दशकापासून प्रचलित झालेले ॲम्लोडिपिन हे त्यांपैकी एक. रक्तवाहिनीच्या भित्तिकेतील स्नायूंना आकुंचनासाठी कॅल्शियम लागते. ॲम्लोडिपिन त्याचा पेशीत शिरण्याचा मार्ग रोखते, त्यामुळे वाहिन्या सैल होतात. मेंदूतील द्रव्यांच्या साठ्याला ते हात लावत नाही. शरीरातील त्याचे प्रमाण निम्मे होण्यास ३० ते ५० तास लागतात, म्हणून दिवसातून एक गोळी पुरते. घोट्यांवर सूज येणे हा त्याचा परिचित दोष आहे. ‘ॲडेलफेन-एसिड्रेक्स’सारख्या गोळ्या एके काळी लहान गावांतील औषधदुकानांतही सहज मिळत, त्यांची जागा अशा औषधांनी घेतली.

भंडारा जिल्हा आणि या इतिहासाचा अर्थ :

नोव्हेंबर २०१७ मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. केंद्रीय आरोग्य मंत्रालय, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या सहभागाने पाच राज्यांतील २५ जिल्ह्यांत त्याचा पहिला टप्पा राबवला गेला. महाराष्ट्रातून निवडलेल्या चार जिल्ह्यांत सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा यांच्यासोबत भंडाऱ्याचा समावेश होता. सर्पगंधेचे थेंब घेणारे आणि रक्तदाबाचे आकडे ठेवणारे गांधीजी ज्या वर्ध्याजवळ राहत, तो जिल्हा आणि आपला जिल्हा या उपक्रमात एकत्र आले, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. २०२२ मध्ये या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही प्राप्त झाला.

या उपक्रमात नवे औषध कोणतेच नाही. बहुतेक राज्यांच्या उपचार-आराखड्यात ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम ही पहिली पायरी आहे आणि ते स्वस्त, जुने औषध आहे. नावीन्य आहे ते पद्धतीत : कोणते औषध, किती मात्रेत, पुढची पायरी केव्हा हे ठरलेले असणे, गोळ्यांचा साठा अखंड राखणे, गावाजवळच्या उपकेंद्रातच गोळ्या मिळणे आणि प्रत्येक भेटीचा आकडा नोंदवून न आलेल्या रुग्णाला शोधणे. परळच्या रुग्णालयात ५० रुग्णांसाठी जे झाले, तेच तत्त्वतः येथे सात तालुक्यांसाठी केले जात आहे.

असे असूनही गोळी मध्येच सोडणाऱ्यांची अडचण संपलेली नाही. “आता बरे वाटते”, “सवय लागेल”, “गरम पडते”, “झाडपाल्याने उतरतो” ही कारणे आपण सर्वांनी घरी-दारी ऐकली आहेत. ती हसण्यावारी नेण्याने किंवा रुग्णाला अडाणी ठरवण्याने काही साधत नाही. ज्या आजाराला वेदना नाही त्यासाठी रोज औषध घ्यायचे, ही कल्पनाच मानवी इतिहासात नवी आहे. ती जेमतेम सत्तर वर्षांची आहे. झाडपाल्यावरील विश्वासातही तथ्य आहे, कारण औषध खरोखरच मुळीतून आले. म्हणून “मुळी खोटी, गोळी खरी” असे सांगण्यापेक्षा “मुळीचेच मोजमाप होऊन गोळी झाली” असे सांगणे अधिक सत्य आणि बहुधा अधिक परिणामकारकही ठरेल. महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांत रक्तदाब तपासणी होते, तेव्हा हा इतिहास सांगण्याची उत्तम संधी आपणा प्राध्यापकांना मिळते.

निष्कर्ष :

१) सर्पगंधा प्राचीन काळापासून ज्ञात असली तरी ‘रक्तदाबाचे औषध’ ही तिची ओळख रक्तदाब मोजण्याच्या साधनानंतरची, म्हणजे विसाव्या शतकातील आहे.
२) या रूपांतरात १९३१ ते १९४९ या काळातील दिल्ली, कोलकाता आणि मुंबई येथील भारतीय संशोधकांचे कार्य मध्यवर्ती आहे. डॉ. रुस्तम वकील यांच्या निबंधाने ते जगापुढे नेले.
३) रेसर्पिनची कीर्ती आणि अपकीर्ती या दोहोंमागे मात्रेचा प्रश्न आहे. द्रव्य तेच राहूनही मात्रा बदलताच त्याचे स्थान बदलले.
४) औषधाचे सामर्थ्य त्याच्या प्राचीनतेत वा विलायतीपणात नसून मोजमाप, मात्रा आणि नोंद या तिन्हींत आहे. भंडारा जिल्ह्यातील आजचा रक्तदाब-उपचार याच परंपरेचा वारसा होय.

आजोबांच्या दिनदर्शिका घरात अजून आहेत. १९९६ च्या पावसाळ्यानंतरची पाने कोरी आहेत. त्यांनी मुळी घेतली यापेक्षा त्यांनी आकडा लिहिणे थांबवले याचे दुःख लेखकाला अधिक वाटते. आरोग्य केंद्रातील त्या रांगेत बसलेल्या माणसाच्या हातातील कार्ड कोरे राहू नये, एवढी या इतिहासाची शिकवण आपण आपल्या विद्यार्थ्यांपर्यंत आणि त्यांच्यामार्फत त्यांच्या घरांपर्यंत पोहोचवू शकलो, तरी या अभ्यासाचे सार्थक होईल.